रीत आणि पोच

‘सगळं यथासांग पार पडलं ना?’ हा प्रश्न आपल्याकडे लग्नानंतर विचारतात आणि तेराव्यानंतरही. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं आणि देणाऱ्यालाही ते ठरलेलंच द्यायचं असतं. ‘हो, अगदी यथासांग!’ एवढं झालं की दोघंही चहाच्या कपाकडे वळतात. नेमकं काय यथासांग झालं, कोणतं अंग राहून गेलं, याची चौकशी कोणी करत नाही. करायची नसतेच. तो प्रश्न माहितीसाठी नसतो, समाधानासाठी असतो.

पण शब्द मोठा नेमका आहे. यथासांग म्हणजे सगळ्या अंगांसह. त्याचे भाऊबंदही आपल्याकडे भरपूर. उद्घाटन होतं ते ‘विधिवत्’, मुंज लागते ती ‘शास्त्रोक्त’, जेवण होतं ते ‘साग्रसंगीत’ आणि पोलिसांत तक्रार द्यायची ती मात्र ‘रीतसर’. एकाच कल्पनेचे हे वेगवेगळे पोशाख. देवघरात सोवळं, कचेरीत पँट-शर्ट. आत माणूस तोच: जे करायचं ते जसं करायला हवं तसं केलं, असं सांगणारा.

लॅटिन भाषेत या सगळ्यांचं काम एकटं करणारं एक क्रियाविशेषण आहे, ‘रीते’. माझी आणि त्याची भेट देवळात किंवा ग्रंथालयात झाली नाही. बँकेत बढतीसाठी परीक्षा द्याव्या लागत, त्यांच्या कायद्याच्या पुस्तकात झाली. तिथे एक वचन होतं: ‘ओम्निआ प्रेझुमुन्तुर रीते एस्से आक्ता’. सगळ्या गोष्टी रीतसर झाल्या आहेत असं गृहीत धरावं, असा त्याचा अर्थ. आपल्या १८७२च्या पुरावा कायद्यात कलम ११४ खाली हेच तत्त्व सौम्य शब्दांत होतं: सरकारी आणि न्यायालयीन कामं नियमाप्रमाणे झाली असावीत, असं न्यायालय मानू शकतं. १ जुलै २०२४पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हे गृहीतक त्यातही कायम राहिलं आहे.

‘रीते’ ऐकून मला वाटलं होतं, हा तर आपल्या ‘रीत’चा सख्खा भाऊ. पण शब्दांच्या बाबतीत नुसत्या कानाची साक्ष धरायची नसते. आपली ‘रीती’ संस्कृतातल्या ‘री’ म्हणजे वाहणे या धातूची लेक. आधी प्रवाह, मग प्रवाहाची वाट, मग वागण्याची वाट. लॅटिन कोशात ‘रीते’चे अर्थ पाहिले, तर पहिला अर्थ धर्मविधीप्रमाणे, दुसरा योग्य प्रकारे आणि तिसरा नेहमीच्या पद्धतीने. एकाच शब्दाच्या पोटात तिघं सुखाने नांदतात. आणि खरी गोम तिथेच आहे. विधीप्रमाणे, योग्य आणि नेहमीप्रमाणे या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या एकच आहेत असं आपण धरून चालतो, आणि बघता बघता ‘नेहमीप्रमाणे’ हाच ‘योग्य’च्या पाटावर जाऊन बसतो.

जर्मनीतल्या अनेक विद्यापीठांत डॉक्टरेटच्या प्रबंधाला ज्या श्रेणी देतात, त्यांतल्या उत्तीर्णांच्या सर्वांत खालच्या श्रेणीचं नावही ‘रीते’ आहे. म्हणजे सगळं नियमात बसलं, पदवी घ्या. कौतुक करावं असं मात्र काही नाही. योगायोग असा, की आपल्या मराठीत ‘रिते’ म्हणजे रिकामे. दोन शब्दांचं नातं काही नाही, पण या योगायोगाला शहाणपणाचा वास आहे.

कारण रीत कधी रिती होते, हे मराठी भाषेने फार पूर्वीच ओळखलं आहे. श्राद्धात देवकार्य आणि पितृकार्य असं आलटून पालटून चालतं, तेव्हा जानवं एकदा डाव्या खांद्यावर, एकदा उजव्या. सव्य आणि अपसव्य. त्या दोन शब्दांचं आपण काय केलं? ‘एवढा सव्यापसव्य कशाला?’ असं केलं. सोपस्कार ‘उरकले’ जातात. हळदकुंकू ‘शास्त्रापुरतं’ लावलं जातं. तिळाचं पाणी ओंजळीतून पितरांना द्यायचं, ती तिलांजली. आपण ती तत्त्वांना देतो. अक्षता म्हणजे न तुटलेले तांदूळ, शुभकार्यातले. पण एखाद्याला नकार देऊन वाटेला लावायचं झालं की त्या वाटाण्याच्या होतात. नारळ मानाने हातात देतात आणि नोकरीवरून काढतानाही ‘नारळ’च देतात. पतिताला जातीबाहेर टाकताना पाण्याचा घट सांडण्याचा जो विधी, तो घटस्फोट. आज तो शब्द आपण कुठे वापरतो ते सर्वांना ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या विधींच्या मांडवाखाली वावरलेल्या समाजाने विधींवर केलेली ही टीका आहे. कोणा सुधारकाने ती लिहिली नाही. माजघरात आणि ओसरीवर ती आपोआप तयार झाली.

मग शास्त्र तरी काय म्हणतं? आपली समजूत अशी, की शास्त्राला कानामात्राही इकडचा तिकडे चालत नाही. याला आधार आहेच. त्वष्ट्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने यज्ञ केला आणि ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला. इंद्राचा मारेकरी असा अर्थ व्हायचा, तो इंद्र ज्याचा मारेकरी असा झाला, आणि वृत्र इंद्राच्याच हातून मेला. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच शुद्ध शब्दांचं महत्त्व सांगताना हा दाखला दिला आहे. प्राचीन रोमनांचंही तेच. त्यांच्या धार्मिक खेळांत नाचणारा मध्येच थांबला किंवा पावा वाजवणारा अचानक गप्प झाला, तर खेळ ‘रीते’ झाले नाहीत असं ठरायचं आणि ते पुन्हा करावे लागायचे.

पण जैमिनींच्या पूर्वमीमांसेत यावर एक फार सुंदर भेद केला आहे आणि तो आपल्या घरापर्यंत यायला हवा होता. कर्मं दोन प्रकारची. काम्य, म्हणजे काहीतरी हवं म्हणून केलेली. आणि नित्य, म्हणजे आपलं कर्तव्य म्हणून केलेली. काम्य कर्म सर्व अंगांसह पुरं व्हायला हवं, त्यात सूट नाही. नित्य कर्म मात्र यथाशक्ती केलं तरी चालतं. मुख्य गोष्ट झाली की एखादं अंग राहिलं तरी ते कर्म फुकट जात नाही. म्हणजे मागायला आलात तर कागद न्‌ कागद पुरा करा. द्यायला, निभवायला आलात तर जेवढं जमेल तेवढं आणा. त्वष्टा मागायला गेला होता. तुमची-माझी आजी संध्याकाळी देवापाशी दिवा लावते, ती मागायला बसत नाही. वात लहान झाली, स्तोत्राची ओळ विसरली, म्हणून तिचं काही अडत नाही. शिवाय आपल्या पूजेच्या शेवटी क्षमा मागायची असतेच. ज्या परंपरेने प्रत्येक पूजेला माफीचं कलम जोडलं, तिला माणसाच्या हातून काही ना काही राहणारच हे नक्की ठाऊक होतं.

हे ठाऊक असूनही रीत कडक झाली, ती कुणासाठी? इतिहास पाहिला तर उत्तर फारसं सुखाचं नाही. ६ जून १६७४ रोजी रायगडावर गागाभट्टांनी शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला. स्वतःच्या मनगटावर राज्य उभं करणाऱ्या राजाला त्याआधी मुंज करून घ्यावी लागली, राण्यांशी पुन्हा समंत्रक विवाह करावे लागले. एवढं होऊनही विधीत उणीव राहिली असा आक्षेप आलाच आणि २४ सप्टेंबर १६७४ रोजी निश्चलपुरी गोसाव्यांनी तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक केला. राज्य कमावता येतं. ‘रीतसर’ हा शिक्का मात्र दुसऱ्याच्या हातात असतो.

आणि नाशिककरांना तर रायगडापर्यंत जायची गरज नाही, पंचवटीपर्यंत गेलं तरी पुरे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसं शिस्तीने, रांगेने देवळाकडे निघाली. त्यांची मागणी काय होती? रामाचं दर्शन. आणि दरवाजे बंद करणाऱ्यांचा युक्तिवाद काय होता? हे रीतीला धरून नाही. तीन अर्थांपैकी तिसऱ्याने दुसऱ्याला कसं गिळलं, ते इथे उघड दिसतं. आजवर असं झालेलं नाही, म्हणून ते योग्य नाही. त्या वर्षी रामनवमीला रथावरून दगडफेक झाली, माणसं रक्तबंबाळ झाली. आत देवाची पूजा मात्र यथासांग चालू राहिली असणार. नैवेद्य वेळेवर, आरती वेळेवर. कोणतं अंग राहिलं होतं? भक्त दाराबाहेर उभे होते, एवढंच. या लढ्याची धग पुढे काही वर्षं राहिली आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. जी वाहते ती रीत, असं धातू सांगतो. वाहायची थांबली की तिचा बांध होतो, आणि बांधाच्या एका अंगाला माणसं तहानलेली राहतात.

हे वाचून कोणी म्हणेल, मग या रीतींना एकदाची तिलांजलीच द्या. मी तसं म्हणणार नाही, कारण बेरीत वागण्याचा फायदा कोणाला होतो, हेही आपण पाहिलं आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सांगतं, की वधूवरांपैकी कोणाच्याही रूढ विधींनी विवाह साजरा व्हावा, आणि सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला तो पूर्ण होतो. १९६५ साली महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेला एक खटला आहे. पहिली बायको हयात असताना नवऱ्याने दुसरीशी संसार थाटला होता. द्विभार्येचा गुन्हा दाखल झाला. न्यायालयाने विचारलं, दुसरं लग्न योग्य विधींनी, रीतसर झालं का? ते सिद्ध झालं नाही. मग ते कायद्याने लग्नच नव्हे. आणि लग्नच नाही, तर गुन्हाही नाही. नवरा सुटला. तर्क चोख होता, पण त्या निकालाने दोन्ही बायकांच्या पदरात काय पडलं, याचा विचार करून पाहावा. रीत पुरी न करणं ही कधी कधी बंडखोरी नसते, पळवाट असते.

एप्रिल २०२४मध्ये याच सर्वोच्च न्यायालयापुढे दुसऱ्या टोकाचं प्रकरण आलं. एका जोडप्याने कोणताही विधी न करता एका संस्थेचा दाखला मिळवला आणि त्यावर विवाहाची नोंदणीही केली. न्यायालयाने सांगितलं, नुसत्या कागदाने हिंदू विवाह होत नाही. त्याच निकालात, लग्न म्हणजे नाचगाणं, खाणंपिणं आणि हुंड्याची देवघेव नव्हे, असंही न्यायमूर्तींनी बजावलं. आपल्या हल्लीच्या लग्नांत सप्तपदी चालू असताना छायाचित्रकार ‘ताई, तिसरं पाऊल परत घ्या, उजेड नीट नव्हता’ म्हणतो आणि वधू निमूटपणे परत घेते, ते पाहिलं की मला हा निकाल आठवतो. प्रत्येक पावलाला एक वचन असतं. तिसरं पाऊल दोनदा पडलं, वचन मात्र दोघांनी एकदाही ऐकलं नाही. म्हणूनच पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने अर्थ सांगून विधी करण्याची जी पद्धत रुळवली आणि स्त्रियांनाही पुरोहित म्हणून तयार केलं, ते मला रीत मोडणं वाटत नाही. रीत पुन्हा वाहती करणं वाटतं.

बँकेत माझी उभी हयात ‘रीतसर’ या शब्दाच्या सावलीत गेली. रीतसर अर्ज, रीतसर ठराव, रीतसर पावती. तिथे एक गोष्ट मात्र मनावर कोरली गेली. १८८१च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या दहाव्या कलमात, चेकचे किंवा हुंडीचे पैसे ‘रीतसर’ दिले असं कधी म्हणावं, ते सांगितलं आहे. कागदावर वरकरणी जे दिसतं त्याला धरून दिलेले हवेत. पण तेवढ्याने भागत नाही. ते सद्‌भावाने दिलेले हवेत आणि निष्काळजीपणा न करता दिलेले हवेत. शिवाय घेणाऱ्याच्या हक्काबद्दल शंका यावी अशी परिस्थिती नको. इंग्रजांच्या अमदानीत केलेला हा रुक्ष व्यापारी कायदा. पण ‘यथासांग’ची याहून चांगली फोड मी कुठल्या पोथीत वाचलेली नाही. आकार, भाव आणि काळजी. तीन अंगं. यांतलं पहिलं तेवढं डोळ्यांना दिसतं, म्हणून आपण त्यालाच सगळं शरीर समजतो.

ऐंशीच्या दशकात जिल्ह्यातल्या एका आडवळणाच्या शाखेत होतो, तेव्हाची गोष्ट. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात म्हशींची कर्जं वाटायची असत आणि वर्षाचं उद्दिष्ट ठरलेलं असे. ज्याला इंग्रजी येत नाही त्याची सही किंवा अंगठा घेताना कागदावर एक मजकूर असे: ‘वरील सर्व मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, समजावून सांगितला व तो मला समजला.’ त्याचा रबरी शिक्काच केलेला असायचा. शिक्का मारला, अंगठा घेतला, पुढचा या. नेहमीप्रमाणे! आमचे त्या वेळचे व्यवस्थापक मात्र खरोखरच वाचून दाखवायचे. एका जामीनदाराला ते सांगत होते, की कर्ज घेणाऱ्याची जेवढी जबाबदारी तेवढीच तुमची. तो म्हातारा थबकला.

‘म्हंजी ह्यानं नाय भरलं तर म्या भरायचं?’

‘हो.’

‘सगळं?’

‘सगळं. व्याजासकट.’

म्हाताऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातली. ‘सायेब, मग उद्या येतो. घरी इचारतो.’ कर्ज घ्यायला आलेला भाचा चिडला, बाहेरच्या रांगेत कुजबुज झाली, आणि दुपारच्या टपालाने उद्दिष्ट अपुरं का, याचा खुलासा मागणारं वरचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी म्हातारा बायकोला घेऊन आला. तिने दोन प्रश्न आणखी विचारले, मग म्हणाली, ‘लावा अंगठा.’ माझ्या दृष्टीने त्या वर्षी त्या शाखेत झालेलं सर्वांत यथासांग कार्य ते. मंत्र तोच, रोजचाच. फरक एवढाच, की तो ज्याच्यासाठी होता त्याच्या कानात शिरला होता.

आज तो रबरी शिक्का गेला आणि त्याच्या जागी फोनच्या पडद्यावरचं ‘मला मान्य आहे’ आलं. लांबलचक अटींखाली बोट टेकवायचं की काम झालं. पूर्वी निदान अंगठ्याची शाई पुसताना माणूस दोन क्षण थांबायचा. आता तेवढीही उसंत नाही. कायदा उद्या म्हणेल, तुम्ही रीतसर संमती दिली होती. आणि आपल्याला कशाला दिली होती, तेच आठवणार नाही.

म्हणून ते लॅटिन वचन मी आता जरा वेगळ्या कानाने ऐकतो. सगळं रीतसर झालं आहे असं गृहीत धरावं. धरावं, कारण पावलोपावली संशय घेऊन ना संसार चालेल, ना कचेरी. पण गृहीतक हे गृहीतकच असतं. ते खोडून काढायला कोणी उभा राहिला, तर त्याचं म्हणणं ऐकून घेणं, हेही त्याच कायद्यात बसतं. देवळाच्या दाराशी कोणी विचारलं, की मला का नाही. मांडवात मुलीने विचारलं, की या मंत्राचा अर्थ काय. काउंटरवर म्हाताऱ्याने विचारलं, की म्हणजे मी भरायचं का. तर तो रीतभंग नव्हे. रीत जिवंत असल्याची ती खूण आहे.

मराठीत एक साधा व्यवहारी शब्द आहे, ‘पोच’. टपालाची पोच, पैशांची पोच, पोचपावती. आपण केलेलं समोरच्यापर्यंत गेलं की नाही, ते सांगणारा कागद. माझ्या मते प्रत्येक ‘यथासांग’च्या मागोमाग हा एक प्रश्न यायला हवा: पोचलं का?

गोदावरीच्या काठी, रामकुंडाच्या परिसरात, दहाव्याच्या दिवशी हे रोज दिसतं. मंत्र झाले, तीळ झाले, दर्भ झाले, पिंड मांडला. गुरुजींच्या बाजूने सगळं यथासांग. आणि तरी माणसं कडेला उभी राहतात, वर बघत. कावळा शिवायचा असतो. तो येत नाही तेव्हा गर्दीतून एक कोणीतरी पुढे होतो, हात जोडतो आणि म्हणतो, ‘धाकटीच्या लग्नाचं मी बघतो. आईला अंतर देणार नाही.’ कधी कधी त्यानंतर कावळा येतो, कधी येत नाही. न आला तर शास्त्राने सोय केलेली आहे. दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि लोक घरी जायला मोकळे होतात. तेही रीतसरच.

मला कावळ्याच्या पोटातलं काही कळत नाही आणि गेलेल्याला काय पोचतं, हेही सांगता येणार नाही. पण ते वाक्य बोलणाऱ्याचा आवाज कापरा झालेला असतो आणि धाकटी तिथेच उभी राहून ते ऐकत असते. तिला ते पोचलेलं असतं. दर्भाच्या कावळ्याने आजवर असं वचन कोणाकडून घेतलेलं नाही.